काळ्या ओढ्यातली परी

डोंगराच्या कुशीतल्या पळसवण गावात यमुली राहायची, केरू बुरडाची चिमुकली लेक. गावचा ओढा कधीचाच काळा पडला होता. त्यातलं पाणी पिऊन तिचा धाकटा भाऊ म्हादू तापाने फणफणला होता.

एका भर दुपारी चांगलं पाणी शोधत यमुली काठाकाठाने वर चढली. पाखरं गप्प. पानही हलत नव्हतं. करंजाखालच्या गुलाबी-निळ्या फेसातून हळूच एक परी वर आली. पंख काळेकुट्ट, केसांत चिंध्या नि काचा. भरउन्हात तिची सावलीच पडत नव्हती!

यमुलीच्या अंगावर काटा आला. तरी ती पुढे झाली नि इवल्या बोटांनी एकेक काच काढू लागली.

"दुखतंय का गं?"

"आता कमी." परीचा आवाज पाण्याखालून बुडबुडत येत होता. "माग काय हवं ते. एकच."

"ओढा पहिल्यासारखा कर."

"करीन. पण सात दिवसांत प्रत्येक घरातलं कुणीतरी ओढ्यासाठी राबलं पाहिजे. एक घर जरी राहिलं, तरी मी विरून जाईन. आणि कुणाला दोष द्यायचा नाही."

तिने एक चमचमता शंख दिला. "हा घरोघर कानाला लावायला दे."

यमुली घरोघर फिरली. शंख कानाला लावणाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडे. त्याने ओढ्यात जे टाकलं, तेच त्याला ऐकू येई. कुणाला फुटक्या बाटल्यांची किणकिण, कुणाला मेलेल्या वासराचं हंबरणं.

दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागली. कुणी गाळ उपसला, कुणी डोंगरउतारावर दगडी बांध घातले, झाडं लावली.

सातव्या दिवशी एकटा भिवबा रंगारी उरला. त्याने शंख कानाला लावला.

"पोरी, माझं नाव सांगितलंस ना सगळ्यांना?"

"नाही, भिवकाका. तुम्ही काय ऐकलंत, मला ठाऊकच नाही."

भिवबाने शंख खाली ठेवला. "माझ्या रंगाच्या हंड्या गं... मुलासारख्या रडतात."

मग त्याने कुदळ घेतली. रंगाचं पाणी जिरवायला ओढ्यापासून दूर खड्डा खणू लागला. यमुली माती उचलत राहिली.

सूर्य डोंगराला टेकला, तशी ओढ्यातून सोनेरी उजेडाची लाट उसळली. परीचे पंख चतुराच्या पंखांसारखे लखलखले. ती हसली, आणि त्या उजेडातच दिसेनाशी झाली. मागे पाणी खळखळू लागलं, तळाचे गोटे दिसण्याइतकं नितळ.

यमुलीने भीत भीत एक घोट घेतला. गार, गोड! दुसरा तिने घेतलाच नाही. ओंजळ सांभाळत ती म्हादूकडे धावत सुटली.