रोगणाचे तीन हात

एका राज्यात धीरसेन नावाचा राजा होता. नाव धीरसेन, पण धीर औषधालासुद्धा नाही. एकदा दरबारात एक जादूगार मुठीतल्या कळीचं हळूहळू फूल करून दाखवत होता. राजा म्हणाला, "आटपा लवकर." जादूगार संतापला. त्यानं राजाशेजारी बसलेल्या कौमुदी राणीवर चिमूटभर राख फुंकली आणि राणीची लाकडी बाहुली झाली. बरं, सागाची तरी करावी? मेल्यानं आंब्याची केली, लवकर कीड लागावी म्हणून.

"राजा, हिला पारदर्शक रोगणाचे तीन हात दे," तो म्हणाला. "तिसरा हात वाळेपर्यंत कीड काळजाला भिडली नाही, तर राणी तुझी." आणि धूर होऊन गेला.

राजानं सगुणाई रोगणकरणीला बोलावलं. एक सुतारपक्षी राणीच्या खांद्यावर येऊन बसला, कान लावून म्हणाला, "महाराज, किडा आत शिरलाय. काळजापासून चार बोटं. दिवसाला एक बोट पोखरतो."

"मग चोच मार!"

"मारतो. राणीसाहेबांना भोक पडेल."



सगुणाईनं त्याच सकाळी पहिला हात दिला. लाकडाच्या रेषा उजळल्या, राणीच्या गालांवर लाली आली. दुसऱ्या दिवशी सगुणाई बारीक वाळू घेऊन ती सगळी चकाकी घासू लागली.

"अगं, केलेलं घालवतेस?" राजा ओरडला.

"महाराज, तुळतुळीत डोक्यावर पागोटं ठरत नाही. पुढच्या हाताला धरायला खरखर हवी."

राजानं मुकाट्यानं आपला मुकुट सरळ केला.

दुसऱ्या हाताला राणीच्या पापण्या उघडल्या. राजाला राहवलं नाही. वाळलं का बघू, म्हणून त्यानं गालाला बोट लावलं. ओल्या रोगणाला बोट लावायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. बोट चिकटलं, ठसा उमटला, पापण्या मिटल्या. राजा ढसाढसा रडला.

"लांब जाऊन रडा," सगुणाई म्हणाली. "डाग पडतात. माझा एक दिवस खाल्लात, महाराज."

तिसऱ्या दिवशी घासून पुन्हा दुसरा हात. चौथ्या दिवशी सुतारपक्षी म्हणाला, "एकच बोट उरलं."

सगुणाईनं कुंचला राजापुढे धरला. "आजचा हात तुम्ही द्या. कामाला लागलेला हात वळवळत नाही."

राजानं कपाळापासून पावलांपर्यंत, लाकडाच्या रेषेरेषेनं, हात दिला. मग दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसला. जेवला नाही, बोलला नाही. आयुष्यात इतका वेळ त्यानं कुणाकडे पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी त्याला कळलं, राणीच्या हनुवटीवर तीळ आहे.

सूर्य टेकला, तिसरा हात वाळला. राणीला सणसणीत शिंक आली. किडा नाकातून बाहेर उडाला आणि सुतारपक्ष्यानं वरच्या वर गिळला. राणीनं हात पसरले.

राजा जागचा हलला नाही. भीत भीत म्हणाला, "पुरती वाळलीस ना?"

राणी इतकी हसली, की अख्खा दरबार हसू लागला.

शाप सुटला, राज्य सुखी झालं. तेव्हापासून तिथं लग्न ठरलं की नवऱ्यामुलाला कोरा पाट आणि रोगण देतात. तीन दिवसांनी मुलीकडच्या बायका पाट उन्हात धरून बघतात, आणि कुठं बोट उमटलेलं दिसलं, तर मुहूर्त पुढचा काढतात.