कुलूप कुठल्या दफ्तराला?

“उद्या दोनपैकी एका दफ्तराला कुलूप! कुठल्या, ते मला पटवून द्या. आणि ‘दोन्ही ठेवा’ असं जो म्हणेल, त्याची मिशी भर दरबारात उतरवीन!”

सावरपूरच्या रणधवल राजाने हुकूम सोडला आणि सगळ्या दरबाराचा हात मिशीवर गेला.

राजा वैतागला होता, त्याला कारणही तसंच होतं. नारोपंतांचं दफ्तर म्हणजे दरबाराला लागून सात खोल्या. राज्यातला एकूणएक कागद तिथे! पत्रं, नकाशे, दाखले, करारनामे, एवढंच काय, थोरल्या महाराजांच्या लग्नातली जेवणाची यादीसुद्धा. मागाल तो कागद घटकेत हजर. शेजारच्या खोलीत केसोपंतांचं मात्र एकच फडताळ. त्यात फक्त करारांची टिपणं. कोणी कोणाला काय कबूल केलं, मुदत कधी संपते, आधी कोणाला कळवायचं.

“एका फडताळाला दफ्तर म्हणतात होय?” नारोपंत खिजवत.

“सात खोल्या, आणि आज तिथी कोणती ते एकीलाही ठाऊक नाही!” केसोपंत उलटून म्हणत.

रोजची ही कटकट ऐकून राजाचे कान किटले. निवाडा होईपर्यंत दोघांनीही दरबारात तोंड उघडायचं नाही, अशी त्याने बंदी घातली.

गोजरा शिंपीण दोन्ही दफ्तरांचे रुमाल, म्हणजे कागद बांधायची कापडं, शिवायची. त्या संध्याकाळी ती रुमाल द्यायला आली, तर केसोपंत डोकं धरून बसलेले.

“काय झालं, पंत?”

“अगं, आपली गुलबदन हत्तीण! सात वर्षांसाठी कोळदुर्गच्या राजाला दिली होती. उद्या सूर्य मावळायच्या आत परत मागितली नाही, तर ती कायमची त्यांची. आणि माझ्या तोंडाला टाळं!”

गुलबदनची झूल गोजरानेच शिवली होती. माप घेताना ती हत्तीण सोंडेने हिची कनवटीची गुळाची पुडी हमखास पळवायची! रात्रभर गोजराला धड झोप नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती थेट दरबारात जाऊन उभी राहिली.

“महाराज, दोन्ही ठेवा!”

“न्हाव्याला बोलवा!” राजा गरजला.

“खुशाल बोलवा, सरकार. पण तो उतरवणार काय?”

दरबारात खसखस पिकली. राजाने ओठ दाबून धरले.

“जीभ फार चालते तुझी! मग दाखवून दे, दोन्ही कशाला हवीत ते. सूर्य मावळायच्या आत! नाही जमलं, तर दोन्हींना कुलूप आणि तुझं शिवणही बंद!”

“दाखवते. किल्ल्या तेवढ्या माझ्याकडे द्या, आणि पंतांना बोलायची मुभा द्या.”

किल्ल्या मिळताच गोजराने आधी केसोपंतांच्या फडताळाला कुलूप घातलं.

“नारोपंत, आज राज्याचं काय काम राहिलंय?”

“माग तो कागद देतो!”

“कुठला मागू?”

“आता ते मागणाऱ्याने सांगायचं, बाई!”

गोजराने राजाकडे पाहिलं. राजाने मानेनेच ‘मला नाही ठाऊक’ म्हटलं. मग तिने सातही खोल्यांना कुलपं घातली आणि फडताळ उघडलं.

“बोला, केसोपंत!”

केसोपंत बंधारा फुटावा तसे बोलले. “महाराज, गुलबदन! आजच मुदत संपते!”

राजा ताडकन उठला. गुलबदनवर त्याचा भारी जीव! कोळदुर्गचे वकील फत्तेराव दरबारातच बसले होते.

“वकीलसाहेब, आमची हत्तीण परत द्या!”

“कुठली हत्तीण?” फत्तेरावांनी शांतपणे पानाला चुना लावला. “ही तर तुमच्या पंतांनी खरडलेली चिठ्ठी. आमच्या राजाची मोहोर कुठाय? आणि आमच्याकडची हत्तीण तुमची, हे कशावरून?”

“नारोपंत, मूळ करारनामा आणा!”

“तिसऱ्या खोलीत आहे, सरकार! मोहोरेसकट! हत्तिणीचं वर्णनही आहे. डावा कान फाटका, कपाळावर पांढरा ठिपका. पण...”

“पण काय?”

“खोलीला कुलूप आहे.”

सगळ्या माना गोजराकडे वळल्या. ऊन तटाच्या माथ्यावर जाऊन टेकलं होतं. गोजराने किल्ल्यांचा जुडगा पुढे धरला.

“उघडते की, महाराज! पण एकच दफ्तर उघडं ठेवायचं, हा आपलाच हुकूम. तेव्हा सांगा, आता कुलूप कुठल्याला लावू?”

राजाने उन्हाकडे पाहिलं, वकिलाकडे पाहिलं, किल्ल्यांकडे पाहिलं. आणि मांडीवर थाप मारून तो असा हसला, की मुकुट कानावर कलला!

“कुठल्यालाच नको! उघड, बाई, उघड लवकर!”

करारनामा आला. मोहोर पाहताच फत्तेरावांचा विडा तोंडातच राहिला. सूर्य मावळायच्या आत त्यांनी हत्तीण परत देण्याच्या कागदावर मुकाट्याने सही केली.

“माग, काय हवं ते माग!” राजा म्हणाला.

“दोन्ही दफ्तरांच्या मधल्या भिंतीत एक दार पाडा, महाराज. केसोपंतांनी आठवण करून द्यावी, नारोपंतांनी कागद काढावा. दरवेळी किल्ल्या घेऊन मी कुठवर धावू?”

राजाला पुन्हा हसू आवरेना. दार मंजूर झालंच, वर गोजराला जरीचं लुगडं आणि सोन्याची सुई मिळाली. आठवड्याने गुलबदन परत आली, तेव्हा राजाने गोजराला तिच्या पाठीवर बसवून भर बाजारातून मिरवलं. पुढे दोन्ही पंत चालत होते आणि दार नेमकं कोणाच्या बाजूने उघडावं, यावर हातघाईवर आले होते!