घागरीत दिसलेला ढीग

पूर्वी उदुंबर नगरात अरिंदम राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व नगराच्या पूर्व वेशीबाहेर एका माळ्याच्या घरी जन्माला आले होते. त्यांचे नाव सोमिल. वेशीबाहेर सात माळ्यांकडे राजाच्या जमिनीचे सात तुकडे होते, त्यांतला एक त्यांचा. सोमिल काही वयाने सगळ्यांत मोठे नव्हते, श्रीमंत तर नव्हतेच. पण कसलीही वाटणी करायची असली की लोक त्यांनाच बोलावीत.

वाटणीची तिथली रीत अशी होती. जिन्नसाचे सात ढीग करायचे. एकाने ढिगांकडे पाठ करून उभे राहायचे. दुसऱ्याने एकेका ढिगावर काठी टेकवून विचारायचे, "हा कोणाचा?" पाठमोऱ्याने तोंडाला येईल ते नाव घ्यायचे. ज्याचे नाव निघाले त्याचा ढीग. पुढे कोणी बोलायचे नाही. पाठ करून उभे राहण्याचा मान वर्षानुवर्षे सोमिलांचा होता.

एका फाल्गुनात राजाच्या उद्यानपालाने दवंडी पिटवली. आषाढाच्या पौर्णिमेला तो पाहणीला येणार होता. ज्याच्या तुकड्यात तोवर जेवढी जमीन उघडी राहील, तेवढी काढून दुसऱ्याला दिली जाणार होती. सगळे चिंतेत पडले. सगळ्यांत जास्त चिंता विपुलेला होती. नवरा गेल्यापासून ती एकटीच तुकडा सांभाळीत होती, आणि मागच्या थंडीत तिचा अर्धा मोगरा जळाला होता.

त्याच आठवड्यात दक्षिणेकडचा एक गाडीवान देवचाफ्याच्या कांड्या भरून आला. देवचाफा कांडीवर जगतो, हे माळ्यांना ठाऊक होते. पण गाडीवान सुटी कांडी द्यायला तयार होईना.

"एकदोन कांड्या विकत दारोदार फिरायला मी काय सुया विकतोय?" तो म्हणाला. "घ्यायची तर सगळी गाडी घ्या. नाहीतर हे बैल पुढे चालले."

एकट्याला गाडी झेपणारी नव्हती. मग साती जणांनी मिळून ती घ्यायचे ठरवले. कोणी गूळ आणला, कोणी तूप, कोणी विणलेल्या टोपल्या. गोपक नावाचा माळी दोन घोंगड्या घेऊन आला. विपुलेने तांब्याची घागर आणली. घरातून जायची ती मळकी जाऊ नये म्हणून तिने ती चिंचेने घासून लखलखीत केली होती. सगळा ऐवज वेशीजवळच्या वडाखाली मांडला, आणि घागर पुढे ठेवली, कारण तीच सगळ्यांत देखणी होती.

गाडीवानाला घाई होती. त्याने कांड्या जशा थरांत भरल्या होत्या तशाच सात ढिगांत उतरवल्या. प्रत्येक ढिगात तीस कांड्या आल्या. आकडा सारखा होता, पण कांड्यांचा जीव सारखा नव्हता. एका ढिगात जाड, बेचकीच्या कांड्या आल्या, प्रत्येकीला दोन-दोन शेंडे. तळातल्या कांड्या वाटेत भिजून दबलेल्या होत्या, त्यांचा एक ढीग झाला. ते सगळ्यांना दिसत होते. ज्याचे त्याचे नशीब, असे म्हणून सगळ्यांनी ते चालवून घेतले.

बोधिसत्त्व ढिगांकडे पाठ करून उभे राहिले. गोपकाने काठी हातात घेतली.

"हा कोणाचा?"

बोधिसत्त्वांनी एक नाव घेतले. दुसऱ्या ढिगाला दुसरे घेतले. तिसऱ्या वेळी त्यांची नजर सहज खाली गेली. समोर विपुलेची घागर होती. तिच्या गोल पोटात मागचे सगळे वाकडेतिकडे होऊन उतरले होते. गोपक, त्याची काठी, आणि काठीखाली बेचक्यांनी फुगलेला तो ढीग.

"हा कोणाचा?"

"सोमिलचा," बोधिसत्त्व म्हणाले.

म्हटल्याबरोबर त्यांनी डोळे मिटून घेतले. उरलेली नावे त्यांनी डोळे मिटूनच घेतली. शेवटी एक ढीग राहिला आणि एक नाव राहिले. ढीग दबलेल्या कांड्यांचा होता, नाव विपुलेचे.

"घ्या! आमच्या वाट्याला शेपूटच यायचं," विपुला हसून म्हणाली, आणि पदर खोचून कांड्या गोळा करू लागली. गाडीवानाने घागर गाडीला लटकावली आणि तो निघून गेला.

देवचाफ्याची कांडी लगेच लावत नाहीत. कापलेले टोक सावलीत सुकू द्यावे लागते, नाहीतर ती मातीत सडते. बोधिसत्त्वांनी ओसरीवर चटई अंथरली आणि आपल्या तीस कांड्या ओळीने मांडल्या. काही टोकांतून अजून चीक येत होता. तो त्यांच्या बोटांना लागला. त्यांनी हात राखेने घासले, मग वाळूने घासले. संध्याकाळपर्यंत बोटांवरचे डाग काळे पडले होते.

मी आधी पाहिले, की नाव आधी ओठांवर आले? एवढा एकच प्रश्न त्यांच्या मनात होता. ते स्वतःला समजावीत. घागर मी ठेवली नव्हती. रीत पाठ करण्याची आहे, डोळे मिटण्याची नाही. नाव तर ओठांवर आलेलेच असेल. मग त्यांच्या लक्षात येई, की ज्याने काही केलेले नसते त्याला इतकी कारणे शोधावी लागत नाहीत.

चौथ्या दिवशी ते विपुलेकडे गेले. ती अंगणात बसून एकेक कांडी अंगठ्याने दाबून पाहत होती. जी दबेल ती बाजूला टाकीत होती. टाकलेल्यांचा ढीग मोठा होता.

"या, सोमिलदादा. तिसांतल्या अकरा धड निघाल्या बघा."

"अकराच?"

"अकराच. अकरा कांड्यांनी तुकडा काही भरायचा नाही." तिने पदराला हात पुसले. "पण नाव तुमच्या तोंडून आलं, म्हणून मुकाट घेतलं हो. दुसरं कोणी उभं असतं, तर मी गाडीमागं धावत जाऊन माझी घागर परत आणली असती."

बोधिसत्त्व सांगायला आले होते. पण "ऊन फार झालंय," एवढे बोलून ते परत फिरले. आता लाज दुप्पट झाली. एक त्या दिवशीची, आणि एक आजची.

वाटेत त्यांच्या मनात आले, आपल्या कांड्या हिला देऊन टाकाव्यात. झाले, प्रश्न मिटला. पण लगेच त्यांना दिसले की लोक काय म्हणतील. सोमिलने आपला चांगला वाटा बाईला दिला, केवढे मन! आणि आपण मान खाली घालून ते ऐकून घेऊ. जे आपण लबाडीने घेतले तेच दान म्हणून तिला द्यायचे, वर नाव मिळवायचे! भर रस्त्यात त्यांचे कान तापले. ते तसेच गोपकाच्या दारात गेले आणि म्हणाले, "सगळ्यांना वडाखाली बोलाव. आत्ताच बोलाव."

सगळे जमले. बोधिसत्त्वांनी आपल्या तीस कांड्या मधोमध ठेवल्या आणि घागरीत काय दिसले ते सांगितले.

गोपक हसू लागला. "अरे, त्या घागरीत माझं तोंड भोपळ्याएवढं दिसत होतं! त्यात तू कांड्या ओळखल्यास?"

"ओळखल्या," बोधिसत्त्व म्हणाले.

"उगाच मनाला लावून घेतोस तू. बोलून गेला असशील."

"आधी पाहिलं की नाव आधी ओठांवर आलं, ते मलाही नक्की सांगता येत नाही. पण ढीग कोणता, ते नाव घेताना मला ठाऊक होतं. आणि विपुलाताईंच्या घरी जाऊनही मी तोंड उघडलं नाही."

गोपकाचे हसू थांबले. मग मागून एकाने विचारले, "आणि मागच्या साली पाण्याच्या पाळ्या वाटल्यास, तेव्हा रे? त्याच्या आदल्या साली?"

या प्रश्नाला बोधिसत्त्वांकडे उत्तर होते, पण ते खरे मानायला कोणाकडे कारण नव्हते. "तेव्हा काही दिसलं नव्हतं," ते हळू म्हणाले. आपलेच शब्द त्यांना पोकळ वाटले. इतक्या वर्षांचा विश्वास सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून उतरताना त्यांनी पाहिला. ते तिथून हलले नाहीत.

विपुला पुढे आली. तिने खाली बसून बेचकीच्या कांड्या मोजल्या, आणि त्यांतल्या एकोणीस उचलून पदरात घेतल्या. मग तिने घरून आपल्या टाकाऊ एकोणीस कांड्या बोधिसत्त्वांपुढे आणून ठेवल्या. बोधिसत्त्वांनी त्या उचलल्या.

घरी त्यांनी प्रत्येक टाकाऊ कांडीचा सडका भाग कापला, जेवढी धड उरली तेवढी पुन्हा सुकवली आणि लावली. एकोणिसांतल्या सात जगल्या. आषाढाच्या पौर्णिमेला उद्यानपाल आला तेव्हा विपुलेचा तुकडा पानांनी भरला होता. बोधिसत्त्वांच्या तुकड्यात एक कोपरा उघडा होता. तेवढा कोपरा उद्यानपालाने काढून घेतला. बोधिसत्त्वांनी कुंपण आत ओढून घेतले.

पुढच्या फाल्गुनात गाडीवान पुन्हा आला. विपुलेची घागर गाडीच्या दांडीला लटकत होती. ती काळवंडली होती, आता तिच्यात कोणाचे काही दिसत नव्हते. सात ढीग झाले. पाठ करून कोण उभे राहणार, हे कोणी विचारीना. बोधिसत्त्व सगळ्यांच्या मागे, वडाच्या मुळाशी बसले होते.

"मी राहतो उभा," गोपक म्हणाला.

"राहशील," विपुला म्हणाली. "पण काही दिसलंच, तर चार दिवसांनी येऊन सांगशील का?"

गोपकाने डोके खाजवले. "खरं सांगू? नाही सांगणार."

सगळे मोठ्याने हसले. विपुला हसली नाही. ती वडाच्या मुळाशी गेली. "उठा, सोमिलदादा. तुम्हीच उभे राहा."

बोधिसत्त्वांना मान वर करवेना. "आधी माझ्या डोळ्यांना फडकं बांधा," ते म्हणाले.

विपुलेने आपल्या पदराची किनार फाडली आणि त्यांच्या डोळ्यांना बांधली. ते ढिगांकडे पाठ करून उभे राहिले. फडक्याखाली त्यांचे गाल तापले होते. मागून काठी टेकल्याचा आवाज आला, आणि गोपकाने विचारले, "हा कोणाचा?"

ही गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात भिक्खूंची चीवरे वाटणाऱ्या एका भिक्खूला सांगितली. वाटताना एक चांगले चीवर त्याच्या वाट्याला आले होते. आपण ते नजर ठेवून घेतले, असे त्याने आधी आपण होऊन सुप्रभा भिक्खुणीला, आणि तिने पाठवल्यावर शास्त्यांना सांगितले होते, आणि तो मान खाली घालून बसला होता. गोष्ट संपल्यावर शास्ते म्हणाले, "त्या वेळचा गोपक तू होतास. तेव्हा तू 'नाही सांगणार' म्हणालास, आज सांगितलेस. ज्या भिक्खुणीने तुला माझ्याकडे पाठवले, ती सुप्रभा तेव्हा विपुला होती. इतर माळी म्हणजे ही सभा. आणि डोळ्यांना फडके बांधून उभा राहिलेला तो सोमिल मीच होतो. कोणी पाहत नसतानाही आपली आपल्याला जी लाज वाटते, तिला हिरी म्हणतात. तिला घालवू नकोस. तिने मला पुष्कळ जन्म सांभाळले आहे."