दहा बोटांची काच

मुलांनो, डोंगरापलीकडच्या एका जंगलात एक हौशी माकड राहत होते. नवी वस्तू दिसली की तिला हात लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याच जंगलात एक अस्वल वैद्यकी करी. आतल्या खोलीत त्याचा खलबत्ता दिवसभर चाले, त्यामुळे दारावरची हाक त्याला ऐकूच येत नसे. शेवटी पंचांनी ठरवले, दाराबाहेर एक टचस्क्रीन बसवायची. रोग्याने दुखऱ्या भागाच्या चित्राला स्पर्श केला, की आत तेच चित्र उजळेल आणि अस्वल नेमके औषध घेऊन बाहेर येईल. काच निवडायची कोणी? अर्थातच माकडाने!

कोल्ह्याच्या दुकानात तीन काचा मांडल्या होत्या. "ही उघड्या कातडीच्या स्पर्शाने चालते," कोल्हा सांगू लागला. "ही दाबली की चालते, पण चित्र जरा फिके दिसते. आणि या तिसरीवरून न दिसणारा प्रकाश वाहतो. मध्ये काहीही आले की तिला कळते, मग ते झाडाचे पान का असेना." माकडाने पहिल्या काचेवर दहाही बोटे टेकवली आणि दहाही ठिकाणी ठिपके चमकले. त्याचा आनंद गगनात मावेना. "अहो, लावायची कुठे, ते तरी सांगा!" कोल्हा म्हणेपर्यंत माकड काच काखोटीला मारून निघालेसुद्धा.

चार दिवस सगळे झकास चालले. कच्ची बोरे खाऊन पोट दुखणारी माकडे येत, बोट टेकवत आणि औषध घेऊन जात. पाचव्या दिवशी सकाळी एक मैना पिलाला घेऊन घाबरीघुबरी आली. पिलाच्या घशात काटा अडकला होता. तिने घशाच्या चित्रावर चोच मारली. पुन्हा मारली. काच ढिम्म! पिलू डोळे फिरवू लागले. समोरच्या आंब्यावरून माकड ओरडले, "अगं वेडे, टोचतेस काय? हळूच बोट लाव!"

"बोट कुठून आणू, माकडदादा?" मैना रडत म्हणाली.

माकडाच्या काळजात चर्र झाले. त्याने खाली उडी टाकली आणि स्वतःचे बोट टेकवले. अस्वल चिमटा घेऊन धावत आले, काटा निघाला. पिलू आधी खोकले आणि मग भूक लागली म्हणून चिवचिवू लागले. सगळे हसले. माकड मात्र ओशाळून शेपटीशी चाळा करत बसले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दुकानात गेले, पण या वेळी मैना, भेकर आणि कासव यांना घेऊन. "वैद्यांच्या दारासाठी हवी आहे," ते आधीच म्हणाले, "आणि पारख हे तिघे करतील." प्रकाशाची काच सर्वांनाच चालत होती, पण आंब्याचे पान उडून आले तरी अस्वल औषध घेऊन धावले असते! दाबायच्या काचेला चोच कळली, खूर कळला, कासवाचे नखही कळले. चित्र फिके होते खरे, तरी घसा ओळखू येत होता. तीच दारावर बसली. दहा बोटांची काच माकडांच्या शाळेत गेली. तिथे चार-पाच पोरे एकदम तिच्यावर चित्रे काढतात आणि मास्तरांना घटकाभर विसावा मिळतो.

तात्पर्य : वस्तू किती करामती आहे हे पाहून भुलू नये, ती कोण, कुठे आणि कशासाठी वापरणार, हे आधी विचारावे.