सुट्टीत फुलणारं झाड

डोंगराच्या पायथ्याला एका गावात एक गुरुजी होते. पुस्तकांवर त्यांचा फार जीव. झाडांवरचा धडा शिकवावा तर त्यांनीच, असं आसपासच्या गावांतही बोललं जाई. वड, पळस, कदंब, बहावा, एकेका झाडाचं वर्णन ते असं वाचून दाखवत, की मुलं जागची हलत नसत. बहाव्यापाशी आले, की त्यांचा आवाज हळवा होई. ‘सोन्याची झुंबरं टांगावीत तसा हा वृक्ष उन्हाळ्यात फुलतो,’ हे वाक्य ते दरवर्षी दोनदा वाचत.

“गुरुजी, तुम्ही बघितलाय बहावा?” खिडकीपाशी बसणाऱ्या एका मुलीने विचारलं.

“नाही गं. आपल्याकडे होत नसावा.”

शाळेच्या अंगणात, कोपऱ्यात, एक झाड होतं. त्याला हातभर लांब काळ्या शेंगा लागत. मुलं त्या तलवारीसारख्या परजत, कानाशी धरून खुळखुळ वाजवत. त्याला सगळे छड्यांचं झाड म्हणत. गुरुजीही तसंच म्हणत.

उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली, की गुरुजी आपली पेटी उचलून दूरच्या आपल्या गावी जात, ते शाळा उघडायच्या आदल्या दिवशी परतत. मुलंही मामाकडे नाहीतर रानात. झाडायला येणाऱ्या आजीशिवाय अंगणाकडे कुणी फिरकत नसे.

एका हिवाळ्यात सकाळीच पाटील शाळेत आले.

“गुरुजी, झाली बरं तुमची पुस्तकांची खोली मंजूर! दहा वर्षं डोकं खाल्लंत माझं. फक्त कोपऱ्यातलं ते झाड आड येतंय. झाडांचे जाणकार तुम्ही. राखा म्हणालात तर राखतो. खोली मग पुढच्या वर्षी मागच्या अंगाला बांधू.”

गुरुजींनी दारातूनच झाडाकडे पाहिलं. जवळ जाऊन एकदा नीट बघावं, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. पण हातात पुस्तक उघडं होतं, मुलं वाट बघत होती. आणि आणखी एक वर्ष थांबायचं त्यांच्या जिवावर आलं.

“छड्यांचं झाड आहे ते, पाटील. पाडा.”

ते वर्गात आले आणि बहावा शिकवू लागले. थोड्याच वेळात बाहेर कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले.

“गुरुजी, आपलं झाड पाडतायत,” ती मुलगी म्हणाली. “बघायला जाऊ?”

“इथे झाडांचा धडा चाललाय आणि तुझं लक्ष बाहेर? लाव ती खिडकी.”

मुलीने खिडकी लावली. गुरुजींनी ते वाक्य वाचलं. दुसऱ्यांदा वाचायला तोंड उघडलं, तोच बाहेर धाडकन काहीतरी कोसळलं आणि कौलांवरची धूळ पुस्तकावर पडली. गुरुजींनी ती फुंकरीने उडवली.

दुपारी शाळा झाडायला आजी आली. अंगणातच थबकली.

“कुणी पाडला वो बहावा?”

“कुठला बहावा?” गुरुजी म्हणाले.

“ह्यो काय, तुमच्या पायाशी आडवा पडलाय.” आजीने हातातला झाडू खाली ठेवला. “तुम्ही पेटी घेऊन गेलात, की हा फुलायचा. नुसता पिवळाधमक. अंगणात फुलांचा सडा. झाडू फिरवायला हात धजायचा न्हाई. मला वाटलं, तुमास्नी ठावं असंल. तुम्ही तर पोरांना शिकवता.”

गुरुजी खाली बसले. आडव्या फांदीचं एक पान तोडून, पुस्तक उघडून, त्यांनी ते चित्रातल्या पानाशेजारी ठेवलं. तंतोतंत तेच.

“गुरुजी,” ती मुलगी हळूच म्हणाली, “धड्यात शेंगांचं लिहिलेलंच नाही.”

“नाही लिहिलेलं, पोरी. पण झाड तर समोर होतं.”

खोलीच्या पायासाठी बुंधाही मुळासकट निघाला. खोली छान झाली. मुलं तिथे वाचू लागली. त्या उन्हाळ्यात गुरुजी प्रथमच गावी गेले नाहीत. रोज सकाळपासून खोलीच्या पायरीवर, रणरणत्या उन्हात बसून राहिले. आजी झाडायला येई. झाडण्यासारखं काही नसे.

शाळा उघडल्यावर त्यांनी मुलांना अंगणात नेलं. आजीने काही शेंगा जपून ठेवल्या होत्या. त्या फोडून, बिया गरम पाण्यात भिजवून मुलांनी कुंपणाशी लावल्या. मग गुरुजींनी तिथेच, मातीत बसून, बहाव्याचा धडा वाचला. ते वाक्य मात्र एकदाच वाचलं.

“किती वर्षांनी फुलेल?” मुलीने विचारलं.

“आठ-दहा तरी. मला काही तो दिसायचा नाही. तुम्हाला दिसेल. फक्त एक करा.”

“काय, गुरुजी?”

“सुट्टीत या.”

तात्पर्य: मुलांना झाड वाचून दाखवणाऱ्याने आधी खिडकी उघडावी, पुस्तक उद्याही उघडता येतं, पाडलेलं झाड उभं करता येत नाही.