पिराजी आणि एकशेवीस चाकं

एका गावात एक भोळा मेहुणा होता. नाव पिराजी. वय चाळीस, हात दगडासारखा स्थिर, आणि सांगितलेलं काम सांगितलं तस्सं करायची सवय. त्याहून कमी किंवा जास्त त्याने जन्मात कधी केलं नव्हतं.

त्याचे दाजी, रिसालदार हिंदुराव, रणगाड्यावरून लढलेले. निवृत्त झाल्यावर त्यांनी ओसरीतल्या मोठ्या टेबलावर आपली लढाई मांडायला घेतली. माती, झुडपं आणि अंगठ्याएवढे बारा रणगाडे. दोन वर्षं खपून सगळं झालं, फक्त चाकं रंगवायची राहिली. एकेका रणगाड्याला दहा, आणि चाक मसुरीच्या दाण्याएवढं. दाजींचा हात आता कापायचा. रविवारी तर त्यांचे कर्नलसाहेब लढाई बघायला येणार होते. साहेबांचं वय पंच्याऐंशी. ते पुन्हा काही यायचे नाहीत, हे दाजींना ठाऊक होतं. त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

शेवटी त्यांनी पिराजीला बसवलं.

"हे बघ, ब्रश हलवायचा न्हाई. ब्रश एका जागी धरायचा आणि चाक फिरवायचं."

पिराजीने चाक टाचणीवर बसवलं, ब्रश धरला, चाक फिरवलं. सुरेख काळी कड उमटली. संध्याकाळपर्यंत चाळीस चाकं झाली. दाजी खूश.

दुसऱ्या दिवशी दाजींचे चार जुने सोबती जेवायला आले. पिराजीची बहीण अक्का म्हणाली, "पिराजी, आमटी वाढ रे."

पिराजी मधोमध उभा राहिला. पळी एका जागी धरली.

"मंडळी, फिरा," तो म्हणाला.

चार म्हातारे ताटं घेऊन त्याच्याभोवती फिरले. फौजेतली माणसं, हुकूम मोडायची सवय नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक हवालदार मात्र दुसऱ्या फेरीला आमटी न घेताच घरी गेले.

दाजी तडकले. "अरे शहाण्या, आपण माणसापाशी जावं! आणि समोरचा 'पुरे' म्हणेस्तोवर थांबू नये!"

"बरं दाजी," पिराजी म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तो चाकं रंगवायला बसला. एका चाकाला रंग दिला आणि थांबून ऐकलं. चाक काही बोललं नाही. त्याने आणखी रंग दिला. असं करत करत दुपारपर्यंत तीन रणगाड्यांची चाकं बोराएवढी झाली.

"दाजी, लई खादाड हायेत ही. पुरे म्हणतच न्हाईत."

दाजींनी कपाळावर हात मारला. तीन रणगाडे हातचे गेले! पण फौजी माणूस, त्यातूनही वाट काढली. हे तीन लढाईत पडले असं दाखवायचं त्यांनी ठरवलं.

"नीट ऐक. जो गाडा थांबला, तो संपला. त्याची चाकं काढायची, काळी करायची आणि शेजारी ओळीनं मांडायची."

पिराजीने तसंच केलं. टेबल अगदी खऱ्या रणांगणासारखं दिसू लागलं. उरलेली चाकंही शनिवारपर्यंत झाली.

रविवारी साहेब आले. गाडी अंगणात थांबली. "हिंदुराव, पंधराच मिनिटं हं. तालुक्याला सत्कार आहे." ड्रायव्हर पोहे खायला स्वयंपाकघरात गेला. साहेब भिंग घेऊन टेबलावर वाकले. दुसऱ्या रणगाड्यापाशी येईतो वेळ संपली. दाजींचा चेहरा पडला.

सगळे बाहेर आले. गाडी विटांवर उभी होती. शेजारी चार चाकं ओळीने मांडलेली, त्यांना ताजा काळा रंग.

"थांबली व्हती," पिराजी म्हणाला. "हात लावू नका, ओली हायेत."

दाजींना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेब मात्र पोट धरून हसले. "चला हिंदुराव, सत्कार गेला. लढाई पुरी बघू."

चार तास ते बसले. एकेका रणगाड्यातल्या माणसांची नावं त्यांनी घेतली. सगळ्यात पुढच्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा तुझा. हा पुढे नसता, तर मी घरी परतलो नसतो." दाजी लहान पोरासारखे रडले. ही एवढी गोष्ट ऐकायला त्यांनी दोन वर्षं माती कालवली होती.

डोळे पुसत त्यांनी पिराजीच्या पाठीवर थाप मारली. "जन्मात पहिल्यांदा शहाण्यासारखं वागलास! असंच करत जा."

"बरं दाजी," म्हणून पिराजी बाहेर पडला.

रंग वाळला. ड्रायव्हर चाकं बसवायला गेला, तर जॅक नाही. पाना नाही. पिराजीही नाही. साहेबांना घरी परतायला उशीर व्हायला लागला. दाजी म्हणाले, "साहेब, चारची एसटी आहे, तिनं सोडतो तुम्हाला."

दोघं स्टँडवर गेले. चारची एसटी आली होती. ती विटांवर उभी होती. आत चाळीस प्रवासी, बाहेर चहाचा कप हातात तसाच धरून उभा राहिलेला ड्रायव्हर. गाडीखालून पिराजीचं डोकं बाहेर आलं.

"बरं झालं आलात, दाजी. पाच झाली. सहाव्याला रंग पुरत न्हाई."