अधिक ज्येष्ठ

पूर्वी वेत्रवतीकाठच्या कुंडनगरात अजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या दरबारी गणक होते. त्यांचे नाव सुनेत्र. ते पंचांग मांडीत आणि त्यांना विचारल्यावाचून नगरात पेरणी होत नसे की लग्न लागत नसे.

एका वर्षी माघी पौर्णिमा उलटल्यावर राजाने नदीला बांध घालायला घेतला. घरटी एक माणूस कामाला धरला आणि दवंडी पिटवली, "ज्येष्ठी पौर्णिमेला सर्वांना सोडू." पुढे पाडव्याला सुनेत्रांनी नवे पंचांग वाचले, तर त्यात ज्येष्ठ अधिक निघाला. महिनाभर जास्तीचे काम मिळणार म्हणून राजाने खूश होऊन त्यांना एक गाव इनाम दिले.

अधिकातल्या पौर्णिमेला क्षेमा नावाची बुरडीण त्यांच्या अंगणात आली. तिचे दिवस भरत आले होते. मुठीत चार खडे होते.

"आचार्य, दर पुनवेला एक खडा ठेवला. चार झाले. माझा नवरा तिष्य बांधावरून का आला नाही?"

सुनेत्रांनी तिला सावलीत बसवून पाणी दिले. "मुली, चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षाहून अकरा दिवसांनी तोकडं असतं. ती तूट साठते, म्हणून तिसऱ्या वर्षी एक महिना जास्तीचा धरावा लागतो. तोच हा. खरा ज्येष्ठ पुढे आहे."

"मग खोडून टाका तो. मी थांबेन, पोटातलं थांबायचं नाही. घरात दुसरं माणूस नाही."

"असे महिने खोडत गेलो, तर काही वर्षांनी श्रावण उन्हाळ्यात येईल. लोक कोरड्या मातीत बी टाकतील."

क्षेमा भिंतीला धरून उठली आणि निघून गेली. गणित बरोबर होते, तरी सुनेत्रांना दुपारी जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी ते राजाकडे गेले. "महाराज, गाव परत घ्या आणि तिष्य बुरुडाला घरी जाऊ द्या."

"महिना तुम्हीच सांगितलात, आचार्य."

"होय, म्हणून तो मीच भरतो. घरटी एक माणूस हवा ना? त्याच्या जागी मी."

म्हातारा दोन दिवसांत परतेल असे वाटून राजाने होकार दिला. तिष्य घरी गेला. साठी उलटलेले सुनेत्र मातीच्या पाट्या वाहू लागले.

नवव्या दिवशी राजा बांध पाहायला आला. सुनेत्रांचे खांदे सोलवटले होते, पण मान वर होती. राजाने त्यांच्या डोक्यावरची पाटी स्वतः उतरवली, तेव्हा ती त्याच्याने नीट पेलवेना.

"आचार्य, दवंडी ऐकून लोकांनी किती पौर्णिमा मोजल्या असतील?"

"चारच, महाराज."

त्याच संध्याकाळी राजाने सर्वांना सोडले. उरलेला बांध त्याच्या सैनिकांनी पुरा केला.

काही दिवसांनी क्षेमा आणि तिष्य तान्ह्या लेकीला घेऊन आले. क्षेमा हळूच म्हणाली, "अधिकात जन्मली, आचार्य. लोक म्हणतात, या महिन्यात शुभ काही नसतं."

सुनेत्रांनी बाळाला मांडीवर घेतले. "बाप उशाशी असताना जन्मली ना? याहून चांगला मुहूर्त मला काढता आला नसता."

भिक्षूंना एवढी पूर्वजन्मीची कथा सांगून त्यांचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्षूंनो, विहाराला रोज पाणी आणून देणारा हा उपासक त्या जन्मी राजा होता. दाराशी लेकरू घेऊन बसलेली ही दोघं क्षेमा आणि तिष्य होती. गणक म्हणाल, तर तो मी. दुसऱ्याच्या वाट्याचे कष्ट आपल्या डोक्यावर घेणे, हीच करुणा."